मोबाइलवरचा फोटो भिंतीवर लावताना

प्रश्न : लग्नातला आडवा ग्रुप फोटो व्हॉट्सॲपवरून स्टुडिओला पाठवून ८ × १२ इंची प्रिंट काढली. चेहरे धुरकट आले, मागच्या रांगेतल्या मामांचं डोकंही कापलं गेलं. असं का?

उत्तर : व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच (चित्राचे बारीक ठिपके) उरते. ४ × ६ ला तेवढं चालतं. १२ इंचांवर मात्र इंचाला जेमतेम १३३ पिक्सेल येतात. हवेत ३००, निदान २००. म्हणूनच केसांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. मूळ फाइल पेनड्राइव्हवर द्या किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

आता कापलेल्या डोक्याचं. लांबी-रुंदीचं प्रमाण मोबाइलच्या फोटोत बहुधा ४:३, या कागदात ३:२. कागद पूर्ण भरायचा तर वरखाली मिळून इंचभर भाग जातोच. मामा हवेत ना? मग ‘पांढरी पट्टी ठेवा, कापू नका’ असं आधीच सांगा.