ब्रेक्झिटच्या तयारीतून शिकलेलं, नव्याने आलेल्यासाठी

उद्या एखादा देश व्यापारगटातून बाहेर पडणार असेल तर धंदेवाल्यांना तयार कसं करायचं, असं विचारलंस. ब्रेक्झिटच्या वेळी, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडताना, तिथल्या खाद्यपदार्थवाल्यांसोबत हेच केलं, म्हणून सांगतो.

पुस्तिका वाटत बसू नकोस, कोणी वाचत नाही. सरळ गोदामात जा, एक खोका उचल आणि मालकाला विचार, हा माल मुळात बनला कुठे? ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या करारात शुल्क शून्य आहे, पण माल कुठे बनला हे ठरवणाऱ्या नियमांत बसणाऱ्या मालालाच. भारतात बनलेली बिस्किटं ब्रिटनमध्ये शुल्क भरून उतरवली आणि तीच पुढे डब्लिनला, म्हणजे युरोपीय संघातल्या आयर्लंडला पाठवली, की तिथे पुन्हा शुल्क. आमच्यातल्या कित्येकांना हे पहिलं बिल हातात पडल्यावर कळलं.

मग खोक्याखालचं लाकडी पॅलेट बघ. त्यावर उष्णता दिल्याचा शिक्का लागतो: लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं. हसू नकोस, लोक नेमके इथेच गाफील राहतात.

ईओआरआय क्रमांक, म्हणजे कस्टमकडचा व्यापाऱ्याचा नोंदणी क्रमांक, काढणं सोपं. कस्टमची कागदपत्रं करून देणारा एजंट मात्र आधीच गाठून ठेव, शेवटी सगळेच त्याच्या दारात उभे राहतात.

आणि 'करार होऊ दे, मग बघू' म्हणणाऱ्याला तारखा दाखव. संक्रमणकाळ, म्हणजे बाहेर पडल्यावरही जुनेच नियम चालू राहिले तो काळ, ३१ डिसेंबर २०२० ला संपला. करार जुळला २४ डिसेंबरला, ऐन नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर.