भविष्यकाळातल्या पात्रांचे कपडे कसे ठरवायचे? सिनेमावाले नेमकं काय करतात?

तुमच्या कॉलेजच्या एकांकिकेत २१५० सालचं दुष्काळी गाव आहे, आणि दिग्दर्शक सगळ्यांना चंदेरी, अंगाला घट्ट बसणारे कपडे द्या म्हणतोय. ते बरोबर दिसेल का, असा तुमचा प्रश्न आहे. मी सांगलीत नाटकांची वेशभूषा करते, राज्य नाट्य स्पर्धेसाठीही आणि कॉलेजच्या पोरांसाठीही. माझं स्पष्ट मत आहे की चंदेरी कापड आणू नका.

चंदेरी रंग आला कुठून ते आधी बघा. १९६१ ते १९६३ या काळात अमेरिकेचे मर्क्युरी मोहिमेतले अंतराळवीर ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या नायलॉनचे पोशाख घालून वर गेले. त्यांचे फोटो जगभर झळकले. १९६४ मध्ये पॅरिसच्या आंद्रे कुरेजने पांढऱ्या-चंदेरी कपड्यांची अंतराळयुगी फॅशन आणली. सिनेमाने तेच उचललं. त्यामुळे आज रंगमंचावर चंदेरी दिसलं की प्रेक्षकाला साठ वर्षांपूर्वीचा काळ आठवतो, पुढचा नाही.

जे सिनेमे पटतात त्यांचे कपडे बहुतेक वेळा जुन्या काळातून घेतलेले असतात. 'स्टार वॉर्स'ची (१९७७) वेशभूषा जॉन मोलो यांची. हा माणूस लष्करी गणवेशांचा अभ्यासक होता. सिनेमातल्या जुलमी साम्राज्याच्या अधिकाऱ्यांचे कोट जर्मन लष्कराच्या गणवेशांवर बेतलेत, आणि खलनायक डार्थ व्हेडरच्या शिरस्त्राणात जपानी सामुराईचा भास होतो. एकही संवाद कानावर पडायच्या आत कुणाला भ्यायचं ते आपल्याला कळलेलं असतं. या कामासाठी त्यांना ऑस्कर मिळालं. 'ब्लेड रनर' (१९८२) घडतो २०१९ सालात, पण नायिका रेचेलच्या सूटचे रुंद खांदे १९४० च्या दशकातले आहेत.

तुम्हाला सगळ्यात उपयोगी पडेल ते रूथ कार्टर यांचं काम. 'ब्लॅक पँथर'मध्ये (२०१८) वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाच्या सीमेवरच्या योद्ध्यांच्या खांद्यावर त्यांनी लेसोथो देशातल्या बासोथो लोकांची ब्लँकेटं दिली. राणीचा मुकुट थ्रीडी प्रिंटरवर बनवला, पण आकार झुलू बायकांच्या पारंपरिक टोपीचा. तंत्र नवं, घाट जुना. यांनाही ऑस्कर मिळालं.

आता आपल्याकडे बघा. आटपाडी, जत, माण या भागात धनगरांच्या घरी घोंगडी असते. दख्खनी मेंढीची लोकर, हातमागावर विणलेली, वर चिंचोक्याची खळ. खळीमुळे ती मऊ लोळत नाही, खांद्यावर ताठ बसते. मागून एक दिवा टाकला की माणूस आहे त्याच्या दीडपट रुंद दिसतो. तुमच्या म्हाताऱ्या पात्राला एक घोंगडी द्या, वर कसलीही चकचकीत पट्टी लावू नका. कुणाच्या घरून आणलीत तर तिला कात्री लावू नका, टाकेही घालू नका, ती लोकांची जपून ठेवलेली वस्तू असते.

दुसरं म्हणजे त्या जगात कशाची टंचाई आहे, ते कपड्यात दिसलं पाहिजे. 'ड्यून'मध्ये (२०२१) जॅकलिन वेस्ट आणि बॉब मॉर्गन यांनी वाळवंटातल्या लोकांना जो पोशाख दिलाय तो अंगातला घाम आणि श्वासातली वाफ गोळा करून पुन्हा प्यायचं पाणी करतो. कथेतली पाण्याची गोष्ट थेट अंगावर चढवलीय. तुमच्या गावात पाणीच नाही, मग कपडे धुतो कोण? कुणीच नाही. म्हणजे परीटघडीचा पांढरा सदरा घालून जो येईल त्याच्या ताब्यात पाणी आहे. तो पांढरा सदरा एकालाच द्या. मला तर तुमची संहिता न वाचताही त्या माणसाची एन्ट्री दिसतेय!

बाकीच्यांसाठी मांजरपाट घ्या. शिवायच्या आधी धुऊन कांजी काढा, मग चहाच्या कडक पाण्यात रात्रभर ठेवा. शिवून झाल्यावर पॉलिश पेपरने घासा, पण सरसकट नको. कॉलरची घडी, कोपर, गुडघे, खिशाचं तोंड, एवढंच. पंप दुरुस्त करणारं पात्र असेल तर ते हात कुठे पुसतं? उजव्या मांडीला. तिथेच काळपट डाग हवा, आणि नट डावखुरा असेल तर डाव्या. खांद्यावरून पाण्याचा कॅन वाहणाऱ्या पोरीचा एकच खांदा विरलेला दाखवा. हे शेवटच्या रांगेतून दिसत नाही हे मान्य, पण नटाला माहीत असतं आणि त्याची चाल बदलते.

वेल्क्रो टाळा, अंधारात कपडे बदलताना त्याची चर्र भावे नाट्यमंदिराच्या मागच्या भिंतीपर्यंत जाते. टिचबटणं लावा. मापं सैल ठेवा, उन्हात राहणारी माणसं घट्ट कपडे घालत नाहीत.

पैसे उरले तर पायांवर घाला. पुढच्या रांगांच्या डोळ्यांसमोर पायच असतात, आणि २१५० सालच्या माणसाच्या पायात आजचे ब्रँडचे बूट दिसले की सगळं फुकट जातं. टायरच्या चपला करून घ्या आणि पहिल्या तालमीपासून घालायला लावा. प्रकाशयोजना ठरली की इथेच लिहा, चहाचा रंग निळ्या दिव्यात फार मळका दिसतो, तेव्हा छटा त्याप्रमाणे बदलावी लागेल.