वन्सं परत आल्यात, मी कशी वागू?

प्रश्न: आमच्या वन्सं गडहिंग्लजला दिलेल्या, नवऱ्याचा मार ११ वर्षं सोसला आणि दिवाळीनंतर लेकीला घेऊन इकडं आल्या. सासूबाई म्हणतात, चार दिवस जाऊ देत, समजूत घालून पाठवू. मला त्यांना पाठवायचं नाहीय, पण खरं सांगते कधीकधी वैताग येतो, पहाटे चारला उठून भांडी घासून ठेवतात, चहा घेऊ का म्हणून मला विचारतात, परवा हातातनं वाटी पडली तर डोक्यावर हात धरून भिंतीला टेकल्या. मी काय करू?
– एक वैनी, खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा (कर्नाटक)

उत्तर: वैनी, वैताग येतो हे लिहिलंत ते बरं केलंत, नाहीतर लोक नुसतं चांगलं चांगलंच लिहितात. त्या घरात वाटी पडली की पुढं काय व्हायचं ते वन्संच्या अंगाला पाठ झालंय, त्यामुळं 'घाबरता कशाला' म्हणून काही उपयोग नाही, वाटी उचला, 'राहू दे की' म्हणा आणि आपलं काम चालू ठेवा. चारची भांडी म्हणजे वन्सं तुमच्या घरात राहायचं भाडं देतायत असं समजा. काम हिसकावून घेऊ नका, वाटून घ्या, सकाळ तुमची, संध्याकाळ त्यांची. आणि आज भाजी काय करूया हे त्यांना विचारा, म्हणतील ती करा, दोडका म्हणाल्या तरी!

परत जायचं की नाही ते वन्संच ठरवणार, सासूबाई नाहीत, तुम्ही पण नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीपुढं त्यांना सगळी कहाणी परत सांगायला लावू नका.

केस करायची तर गडहिंग्लजलाच जावं लागतं असं कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात बाई आत्ता जिथं राहते, तात्पुरती का असेना, तिथल्या कोर्टात अर्ज चालतो, आणि आदेश झाला की तो सगळ्या देशात, म्हणजे महाराष्ट्रात पण लागू. खर्ची, दागिने-स्त्रीधन, नवऱ्यानं त्रास देऊ नये म्हणून मनाई, सगळं त्याच अर्जात मागता येतं. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत असं कायद्यात लिहिलंय (प्रत्यक्षात काय होतं ते कोर्टाची पायरी चढलेल्यांना विचारा). अर्जासाठी महिला-बालकल्याणच्या सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) ऑफिसात जा. वकील फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही, त्यासाठी १५१०० ला फोन करा. नवरा दारात येऊन दंगा करालाय तर मात्र सरळ ११२. कागद कन्नडमधे असतील, मराठीत वाचून दाखवा म्हणायचं, मगच सही.

आधारवर पत्ता गडहिंग्लजचाच असेल ना? मग शक्ती योजनेच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बायकांसाठीच्या फुकट बसमधे कंडक्टर तिकीट मागणारच. त्या हो म्हणाल्या तर पत्ता बदलायला आणि पोस्टात त्यांच्या नावाचं खातं काढायला सोबत जा. पासबुक त्यांच्याजवळच राहू दे, घरच्या कपाटाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला असते म्हणून म्हणते.