मालक म्हणतात, बिल बदलून टाक

प्रश्न : मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, दीड वर्षापासून एका मेडिकलमध्ये नोकरी करते. मंगळवारी संध्याकाळी मी आलेला माल मागच्या खोलीत मोजून घेत होते. तेवढ्यात काउंटरवरच्या मुलाने एका आजींना मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या दिल्या आणि पाकिटावर लिहिलं, ‘रोज सकाळी १’. चिठ्ठीत मात्र संधिवातासाठी आठवड्यातून एकदा, असं आहे. बिलावर सही माझी, न बघता केलेली. शुक्रवारी नोंदी तपासताना हे लक्षात आलं. मालक म्हणतात, आजींना फोन केलास तर तो कबुलीजबाब होईल. बिलातून ते औषध काढून टाक. मी काय करू? माझी नोंदणी जाईल का?

उत्तर : तुमचा मेल वाचताच मी एका ओळीचं उत्तर पाठवलं होतं : आधी फोन. तो तुम्ही त्याच रात्री केलात. आजींच्या तीन गोळ्या घेऊन झाल्या होत्या, आता त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहेत. हे औषध रोज घेतलं गेलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, माणूस दगावूही शकतो. त्यावर उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड देतात, पण जितका उशीर तितका त्याचा उपयोग कमी. त्यामुळे सोमवारपर्यंत थांबून वकील गाठण्याचा प्रश्नच नव्हता.

आता कबुलीजबाबाचं बघू. मालकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. चूक सांगून माफी मागणाऱ्याला संरक्षण देणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही, फोनवरचं बोलणं पुढे तुमच्याविरुद्ध वाचलं जाऊ शकतं. पण मंगळवारी झाली ती चूक, निष्काळजीपणा. शुक्रवारी सगळं कळल्यावर गप्प बसणं याला निष्काळजीपणा म्हणत नाहीत, ते जाणूनबुजून. शनिवारची गोळी तुमच्या माहितीने आजींच्या पोटात गेली असती, आणि मग कुठल्याही न्यायालयात तुमची बाजू मांडताना मला घाम फुटला असता.

बोलताना घडलं तेवढंच सांगायचं : पाकिटावर रोज असं लिहिलं गेलं, ते आठवड्यातून एकदा हवं होतं, गोळी थांबवा, डॉक्टरांना लगेच दाखवा. कोणामुळे झालं आणि भरपाई किती, यात शिरू नका. व्यावसायिक विमा असेल तर कंपनीला लेखी कळवा. त्यांना न विचारता जबाबदारी स्वीकारली, तर ते हात वर करतात.

बिलाला हात लावू नका. कागद फाडून टाकता येतो, पण संगणकातली नोंद बदलल्याची खूण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये राहते, आणि ते पाकीट तर आजींच्या घरी आहे, मुलाच्या अक्षरासकट. (ते परत आणायलाही कोणाला पाठवू नका.) फेरफार केलीत तर पुरावा नाहीसा केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २३८ आणि बनावट नोंदीची कलमं पुढे येतील. ‘मालकांनी सांगितलं म्हणून केलं’ हा बचाव तिथे चालत नाही. त्याऐवजी त्यांना आजच मेल करा : काय घडलं, केव्हा कळलं, फोन किती वाजता केला, त्यांनी बिलाबद्दल काय सांगितलं आणि तुम्ही नकार दिला. चार ओळी पुरेत.

जबाबदारी दोघांची आहे. औषध नियमावलीतल्या नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यायचं असतं. मागच्या खोलीत असणं ही देखरेख नव्हे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. रुग्णाला औषध समजावून सांगणं हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांप्रमाणे तुमचंच काम. पण परवाना मालकांचा आणि मुलगा त्यांचा नोकर. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. नर्सने क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक मलेरियावरचं क्लोरोक्विन असं वाचलं आणि एका लहान मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. भरपाई रुग्णालयाच्या माथी बसली. नोकराच्या हातून घडलं म्हणून मालक सुटत नाही. आजींचे नातेवाईक दोन वर्षांत ग्राहक आयोगात जाऊ शकतात. मात्र इजा झाली नसेल तर भरपाईचा आकडा मोठा नसतो, आणि इजा टळली असेल तर ती तुमच्या फोनमुळे.

फौजदारीची भीती आत्ता बाजूला ठेवा. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात न्यायालयाने डॉक्टरांबाबत म्हटलं की, गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ हवा, साधी चूक पुरत नाही. तो मुद्दा तुमच्यासाठीही मांडता येईल. पण मृत्यू झाला असता तर न्याय संहितेच्या कलम १०६ मधली दोन वर्षांची कमी शिक्षा नोंदणीकृत डॉक्टरांपुरतीच आहे, फार्मासिस्टला पाच वर्षांपर्यंत होऊ शकते. हे फार थोड्या फार्मासिस्टना माहीत असतं.

नोंदणी एका चुकीने जात नाही. फार्मसी कायद्याच्या कलम ३६ खाली शिक्षा झालेली असावी लागते किंवा व्यावसायिक गैरवर्तन सिद्ध व्हावं लागतं, आणि आधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. बदललेलं बिल हे गैरवर्तनात सहज बसलं असतं.

या घटनेची नोंद औषधांच्या दुष्परिणामांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारच्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडेही करा, हेल्पलाइन १८००-१८०-३०२४. अहवाल देणं म्हणजे चूक मान्य करणं नव्हे, असं त्यांच्या अर्जावरच छापलेलं असतं.

नोकरी सोडायचं मनात असेल तर रागाच्या भरात सोडू नका. सोडाल तेव्हा राजीनाम्याची प्रत औषध प्रशासनाला द्या आणि परवान्यावरचं तुमचं नाव कमी झाल्याचं लेखी घ्या. भिंतीवरचं प्रमाणपत्र उतरवून घरी घेऊन जा. तुम्ही गेल्यावरही ते तिथेच लटकत राहिलं आणि तो मुलगा तसाच पाकिटांवर लिहीत बसला, तर पुढच्या वेळी नोटीस तुमच्याच नावाने येईल.