२०१६ ची एक्सयूव्ही५०० द्यावी का? आधी रोजचे सहा किलोमीटर बघा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०१६ ची डिझेल एक्सयूव्ही५००, १ लाख १८ हजार किमी झालेली, सर्व्हिसला टाकली तर क्लच, पुढचं सस्पेन्शन आणि चार टायर मिळून ९२ हजारांचं एस्टिमेट हातात आलं, आणि तिथंच सेल्सच्या पोराने चहा पाजून सांगितलं की ३.६० ला गाडी घेतो, वर ६० हजार एक्सचेंज बोनस, एक्सयूव्ही७०० डिझेल घेऊन जा, ऑफर दिवाळीपर्यंतच. वहिनी म्हणतायत घेऊन टाका, नवी जास्त सेफ आहे, वडील म्हणतायत चालतीय की अजून. मी वडिलांच्या बाजूने आहे, पण माझं कारण वेगळंय.

तुम्ही मधेच एक ओळ लिहून गेलाय, ऑफिस घरापासून ६ किमी, रोज हीच गाडी, आणि महिन्यातून एकदा पुणे-कराड. सगळा निकाल त्या ओळीत आहे. तुमची आत्ताची गाडी बीएस-४, म्हणजे धुराच्या जुन्या सरकारी नियमातली. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलला सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ असतो, म्हणजे काजळी धरून ठेवणारी जाळी. ती काजळी जाळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, त्यासाठी साठच्या वर पंधरा-वीस मिनिटं सलग पळवावी लागते. तुम्ही सकाळी सिग्नलला थांबत थांबत सहा किमी जाणार, गाडी धड गरम व्हायच्या आत बंद, संध्याकाळी परत तेच. गाडी आपली आपण काजळी जाळायला सुरुवात करते आणि तुम्ही पार्किंगमधे चावी फिरवता. असं आठ-दहा वेळा झालं की डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्याहून वाईट म्हणजे जाळण्यासाठी मारलेलं जास्तीचं डिझेल थोडं थोडं इंजिन ऑइलमधे उतरतं, डिपस्टिक काढली तर लेव्हल खाली जायच्या ऐवजी वर आलेली दिसते. माझ्या मेव्हण्याने अशीच हौसेने डिझेल घेतली (कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्याच बीएस-६ डिझेलचं हेच आहे), आता दर रविवारी गाडी "फिरवायला" कात्रज घाटात नेतो. आम्ही त्याला म्हणतो कुत्रं पाळलं असतंस तर निदान शेपूट तरी हलवलं असतं.

म्हणजे २४ लाख घालून तुम्ही तुमच्या रोजच्या वापराला जुन्यापेक्षा नाजूक गाडी घरी आणणार. आता पैशाचं बघू.

एक्स-शोरूम १९.८० आहे म्हणता. महाराष्ट्रात १० ते २० लाखाच्या डिझेल गाडीला रोड टॅक्स १४ टक्के, म्हणजे पावणेतीन लाखाच्या पुढे तो एकटाच गेला, आणि तो पुन्हा कधी दिसत नाही. ऑन-रोड २४ मधून जुनीचे बोनस धरून ४.२० वजा, तुमचे साठवलेले ७.८० वजा, राहिलं १२ लाख लोन. ९ टक्क्याने पाच वर्षांचा हप्ता २४,९०० च्या आसपास येतो, व्याज जवळपास तीन लाख. शोरूमवाला तुम्हाला १९,३०० चा हप्ता दाखवतोय तो सात वर्षांचा आहे आणि त्यात व्याज सव्वाचार लाख जातं, कागदावर मुदत बारीक अक्षरात असते ती बघा. म्हणजे ज्या ९२ हजारांना तुम्ही घाबरलाय ते पाच वर्षांच्या हिशोबाने चार हप्त्यांच्याही आत आहेत. आणि ते ९२ सुद्धा मला जास्त वाटतायत, क्लच आणि सस्पेन्शन ही झिजायचीच कामं आहेत, लाखभर किमीला कुणालाही येतात. एखाद्या ओळखीच्या चांगल्या गॅरेजमधून दुसरं एस्टिमेट घ्या, आणि टायर कधीच सर्व्हिस सेंटरमधून घेऊ नका, टायरवाल्याकडं जा.

एक्सचेंजचा खेळ सांगतो. जुनीची किंमत कमी धरायची आणि तेच पैसे बोनस म्हणून परत द्यायचे, गिऱ्हाईक खूश. त्यामुळे आधी विचारायचं की माझ्याकडं जुनी गाडीच नाही, नवी शेवटी कितीला देणार, ते लिहून घ्यायचं, आणि मगच जुनी दाखवायची. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवर जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्के लागायचा तो सरळ ४० झाला, नवी उतरली की जुनीचा भाव पण उतरतो, म्हणून ३.६० आकडा अगदीच वाईट नाही. पण दोन-तीन ठिकाणी दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरच्या पाट्या बसवल्यात ना? एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला इथं त्या सक्तीच्या आहेत, नसतील तर ट्रान्सफरच्या वेळी नड येणार.

माझं स्वतःचं सांगतो. मी २०२२ ला जुनी सात सीटर एक्सचेंजला दिली, सह्या केल्या, पेढे वाटले, विषय संपला असं समजलो. तीन आठवड्यांनी रात्री ताटावर बसलोय, आमटीभात कालवतोय, आणि मोबाईलवर मेसेज, तासवडे टोलला फास्टॅगमधून पैसे कटले. बायको म्हणते तू तर इथं बसलायस. नवी गाडी खाली पार्किंगमधे. जुनी कोण चालवतंय पत्ता नाही, काचेवरचा टॅग मी काढलाच नव्हता, आणि आरसी अजून माझ्याच नावावर. पुढे दोन ई-चलान पण आली. पैसे किरकोळ होते हो, पण त्या गाडीने कुणाला उडवलं असतं तर? सुप्रीम कोर्टाने २०१८ ला स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, जबाबदारी त्याची. चार महिने फोन करून करून ट्रान्सफर करून घेतली. आता नियम बरा झालाय, एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी भरून ऑनलाइन कळवायचं असतं. डीलर अधिकृत आहे का ते विचारा, आणि टॅग काचेवरून खरवडून काढून बँकेकडं बंद केल्याशिवाय चावी देऊ नका.

आता जुनी ठेवायच्या लायकीची आहे का हे मी इथं बसून सांगू शकत नाही, ते तुम्हीच बघायचं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी कुणाला तरी चालू करायला सांगा आणि तुम्ही मागे उभे राहा. निळसर धूर आला आणि येतच राहिला तर ऑइल जळतंय. मग इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं नुसतं ठेवा, किंचित थरथरलं तर चालतं, पण उडून पडायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, तसं असेल तर मी वर लिहिलेलं सगळं विसरा आणि गाडी द्या. तिसरं म्हणजे लिफ्टवर चढवून खालचा गंज. कराडला जाणारी गाडी आहे, कोकणात नाही, त्यामुळे बहुतेक बरी असेल.

वहिनींचा सेफ्टीचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. एक्सयूव्ही७०० ला २०२१ मधे ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्यांसाठी ५ आणि मुलांसाठी ४ स्टार मिळालेत, ती वरचढ आहेच. पोरं दर महिन्याला हायवेवर तुमच्यासोबत असतात आणि ते डोक्यातून जात नसेल तर घ्या, पण पेट्रोल घ्या. पेट्रोलला तुमच्या सहा किमीचा त्रास नाही, मायलेज रडवेल, पण तुमचं रनिंग वर्षाला दहा-बारा हजार, तेवढ्याला डिझेलचे जादा पैसे वसूल होत नाहीत. रोड टॅक्स पण दोन टक्के कमी. एडीएएसवर, म्हणजे गाडी आपणहून ब्रेक मारते, लेन धरते त्यावर फार जाऊ नका, समृद्धीवर छान चालतं, साताऱ्याकडं उलट्या बाजूने ट्रॅक्टर आला की तुमचा ब्रेक तुम्हीच मारायचा.

आणि घेतलीच तर दोन कागद सोडू नका. पाच वर्षं क्लेम नसेल तर तुमचा ५० टक्के एनसीबी (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट) तुमचा आहे, गाडीचा नाही, इन्शुरन्सवाल्याकडून रिटेन्शन लेटर घेऊन नव्या पॉलिसीत लावा, डीलर आपणहून कधीच सांगत नाही. दुसरं, १० लाखाच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच घेतलेला आगाऊ इन्कम टॅक्स, कापतात, तुमचे १९,८०० होतात, ते इन्कम टॅक्स रिटर्नमधे परत मिळतात, सर्टिफिकेट मागून घ्या.

तुमच्या जागी मी असतो तर काम करून घेतलं असतं, ही २०३१ पर्यंत रजिस्ट्रेशनला चालते, आणि ऑफिसला एक जुनी छोटी पेट्रोल बघितली असती. शनिवारी सकाळी ते झाकणाचं करून बघा आणि धुराचा रंग कळवा, मग पुढचं बोलू.