कळ एकीकडे, गाठ दुसरीकडे

पोरी, पहिल्यांदाच कापूस वेचायला वावरात उतरलीस म्हणून सांगते. नव्या कामाने अंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतं, मग आपोआप उतरतं. त्याला घाबरू नकोस. पण एकाच जागची कळ आठवडाभर हटत नसेल, तर तो स्नायू काहीतरी सांगतोय.

कमरेला बांधलेली कापसाची ओटी भरत जाते तसं वजन पुढे ओढतं आणि पाठ, मान, कुल्ला दिवसभर ताणून ते तोलत राहतात. असा स्नायू आखडतो, त्यात गाठ धरते. गाठ एकीकडे आणि कळ भलतीकडेच! खांद्यातली गाठ कानामागून कानशिलापर्यंत डोकं दुखवते, आपण म्हणतो ऊन लागलं. कुल्ल्यातली पिंढरीपर्यंत कळ नेते, तेव्हा नस दबली वाटते. मान आणि खांद्यामधला मांसल भाग चिमटीत धरून हळू दाब. हरभऱ्याएवढं कडक लागलं आणि तीच ओळखीची कळ उठली, तर मूळ बहुतेक तिथेच. तिथे शेक दे, डोक्याला बाम चोळून काय होणार?

रोज गोळी खाऊन वेचत राहणं मला अजिबात पटत नाही. गोळीने कळ दबते, ताण तसाच राहतो. त्यापेक्षा ओटी अर्धी झाली की धुऱ्यावर रिकामी कर, पाठ सरळ कर.

पाय बधिर झाला, लघवी अडली, छातीतून हातात कळ गेली, तर मात्र चोळत बसू नकोस. तडक दवाखाना गाठ.