तिजोरी घ्यायची, पण कुठली आणि कुठे बसवायची?

प्रश्न : पुनर्विकासानंतर आम्ही लालबागच्या चाळीतून त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर आलोय. आजवर दागिने, घराचे कागद, पासपोर्ट सगळं सासूबाईंच्या लोखंडी कपाटातल्या लॉकरमध्ये असायचं. मिस्टर म्हणतात, आकड्यांच्या कुलपाची छोटी तिजोरी घेऊ आणि बँकेतला लॉकर सोडून देऊ, दरवर्षी भाडं कशाला भरायचं? सासूबाईंना कपाट काढायचं नाही. काय करावं?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, लॉकर सोडू नका. पस्तीस वर्षं मी मुंबईत तिजोऱ्या बसवल्या, उघडल्या, दुरुस्त केल्या. घरच्या तिजोऱ्यांवरच माझं पोट चाललं, तरी हेच सांगेन. लग्नकार्याला निघणारं सोनं बँकेतच बरं. मात्र लॉकर म्हणजे विमा नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं ३,००० रुपये धरलं तर ३ लाख. आजच्या भावात त्यात काय बसतं ते तुम्हीच बघा. म्हणून दागिन्यांचा वेगळा विमा काढा, बिलं आणि फोटो जपून ठेवा.

घरी ठेवायचं ते रोजचं आणि सणावाराचं: मंगळसूत्र, गौरी-गणपतीला लागणारी ठुशी, पासपोर्ट, थोडी रोकड. त्यासाठी छोटी तिजोरी जरूर घ्या. पण मिस्टरांना विचारा, ती एकट्याला उचलता येते का? येत असेल तर चोरालाही येते. तो कुलपाशी झटापट करत बसत नाही, डबाच चादरीत गुंडाळून नेतो. तिजोरीच्या पाठीला आणि तळाला भोकं असतात ती बोल्टासाठी, आणि निम्म्या घरांत मी ती रिकामी पाहिली आहेत.

इथेच नव्या टॉवरची अडचण येते. आतल्या भिंती बहुधा सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या ब्लॉकच्या. त्यात साधा फास्टनर ठोकला की भुसा पडतो आणि महिन्याभरात बोल्ट हलायला लागतो. तिथे केमिकल अँकर लागतो, म्हणजे भोकात चिकट रसायन भरून त्यात घट्ट बसवलेला बोल्ट. काही टॉवरमध्ये सगळ्याच भिंती काँक्रीटच्या असतात. तिथे पकड उत्तम, पण आतून विजेच्या नळ्या गेलेल्या असतात. त्यामुळे सोसायटीकडून नकाशा मागून घ्या, आणि विचारल्याशिवाय बीम-कॉलमला ड्रिल लावू देऊ नका. वॉर्डरोबमध्ये बसवणार असाल, तर बोल्ट प्लायला नको, प्लायला भोक पाडून मागच्या भिंतीत गेला पाहिजे. सुतार ‘मजबूत आहे’ म्हणेल. ऐकू नका.

आता कागद. सोन्याचा शत्रू चोर, कागदाचे शत्रू आग आणि पाणी. साध्या पत्र्याची तिजोरी आगीत भट्टीसारखी तापते, आणि २३० अंशांच्या आसपास कागद पेटण्याजोगा होतो. कागदांसाठी अग्निरोधक तिजोरी लागते, तिच्या दोन पत्र्यांमध्ये भरण असतं. ती ‘साठ मिनिटं’, ‘एकशे वीस मिनिटं’ अशी प्रमाणित असते. नुसत्या स्टिकरवर जाऊ नका, प्रमाणपत्र मागा. पेनड्राइव्ह मात्र कागदाहून कितीतरी कमी उष्णतेत खराब होतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

पाण्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. चार दिवसांनी कलिन्यातल्या एका तळमजल्याच्या घरी मला तिजोरी उघडायला बोलावलं. दार सैल केलं तशी फटीतून आधी गढूळ पाण्याची धार आली. पाटल्या धुतल्या, पुसल्या, जशाच्या तशा. शेजारचा घराचा करारनामा मात्र साबणाच्या वडीसारखा घट्ट झालेला, सह्यांच्या जागी निळे डाग. त्या बाईंनी पानं सोडवायला नख घातलं, तर कोपराच हातात आला. मी त्यांना थांबवलं. मग टिपकागदात ठेवून पंख्याखाली तो गठ्ठा दोन दिवस सुकवला, तेव्हा निम्मी पानं वाचण्याजोगी निघाली. तुमच्या बाराव्या मजल्यावर पूर यायचा नाही, पण वरच्यांच्या बाथरूमची गळती येते. कागद झिपच्या जाड पिशवीत घाला, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्याआधी बदला. मूळ कागदांना लॅमिनेशन करू नका.

इंडेक्स टूची, म्हणजे घराच्या दस्तनोंदणीच्या उताऱ्याची, प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकांकडे मिळते, आधार-लायसन्स डिजिलॉकरमध्ये चालतं. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट गेलं तर मात्र पोलिसांत तक्रार, हमीपत्र, जाहिरात असे हेलपाटे पडतात. ते आधी सांभाळा.

आकड्यांचं कुलूप पेन्सिल सेलवर चालतं. सेल उतरले की सोबत आलेल्या किल्लीने उघडायचं, आणि ती किल्ली लोक तिजोरीतच ठेवतात! दादरला एका घरी वडिलांना रात्री हॉस्पिटलमध्ये हलवलेलं, मेडिक्लेमचे कागद आत, किल्लीही आत. पहाटे तीनला मी ड्रिल लावलं. मुलगा शेजारी टॉर्च धरून उभा होता, त्याचा हात थरथरत होता. तुमची किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि मेडिक्लेमचं कार्ड तिजोरीबाहेर, पाकिटात.

आणि सासूबाईंचं कपाट राहू द्या. त्यांनी त्यातूनच घर सांभाळलं. फक्त मौल्यवान वस्तू नव्या तिजोरीत हलवा आणि आकडा त्यांच्याही हाताने लावून घ्या. जन्मतारीख नको, फ्लॅट नंबर नको. तुम्ही दोघं गावी असताना त्यांनाच ती उघडावी लागेल.

प्रश्न : गिरगावच्या आमच्या जुन्या घरात आजोबांची लोखंडी तिजोरी आहे. किल्ली हरवली. भंगारवाला गॅस कटरने कापून देतो म्हणतो. द्यावी का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : अजिबात देऊ नका, दादा. कटरच्या धगीने आतले कागद जळतील. जाणत्या कारागिराला बोलवा, तो किल्ली घडवतो किंवा नेमक्या जागी बारीक भोक पाडतो. चांगला कारागीर आधी तुमच्या मालकीचा पुरावा मागेल. राग मानू नका, तसा मागणाराच निवडा. मजला लाकडी असेल तर तिजोरी मधोमध सरकवू नका, भिंतीलगत असू द्या. उघडल्यावर नवं कुलूप बसवाल, तेव्हा दार उघडं ठेवूनच किल्ली तीनदा फिरवून बघा, आणि मगच दार लावा.